तासाभराचा जावई

आमच्या आग्नेलने जन्मात विमानात पाय ठेवला नाही, पण त्या मंगळवारी सकाळपासून तो मान वर करकरून आभाळाकडे असा बघत होता की विमान त्याच्या मिठागरातच उतरणार आहे असं कुणालाही वाटावं. आग्नेल माझा थोरला भाऊ. थोडं भात, थोडं मीठ, एवढ्यावर त्याने उभं आयुष्य काढलं. वसईबाहेर पाऊल टाकलं की याचं डोकं दुखतं. त्याची एकुलती एक मुलगी विनी, आणि सत्त्याण्णव साली, ईस्टरपूर्वीचा, लग्नं न लागणारा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला आमच्या गावच्या चर्चमध्ये तिचं लग्न होतं. नवरा विमानाने येणार होता.

विमानाने यावं एवढी मोठी माणसं ती नव्हेत. तशी अटच आग्नेलने घातली होती, आणि अटीचं मूळ आमच्या सगळ्यांच्या अडाणीपणात होतं.

विनी मुंबईच्या एका इस्पितळात नर्स. फ्लॉईड तिथे वडिलांना उपचाराला घेऊन आला होता. वडील काही वाचले नाहीत, पण या दोघांचं जुळलं. विनीने घरी सांगितलं, ‘मुलगा दमण-दीवचा आहे, कॅथलिक आहे, सरकारी शाळेत शिकवतो.’ आग्नेलने विचार केला आणि मान डोलावली. दमण काय, वापीला उतरलं की आलंच. आणि दीव? आमच्याकडे वसई-विरार एका दमात म्हणतात. वसईत गाडीत बसलात की पानाला चुना लावेपर्यंत विरार येतं. तसंच दमणच्या पुढचं स्टेशन दीव असणार, हे आम्ही कुणालाही न विचारता ठरवून टाकलं. गावात तर फ्लॉईडला कुणी दीवचा म्हटलंच नाही. तो झाला ‘दमनचा नवरा’.

साखरपुड्याला तो आला तेव्हा बिचारा दर दोन वाक्यांमागे सांगत होता, ‘दमण नाही हो, दीव.’ शेवटी वैतागून त्याने टेबलावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, ‘हे दमण.’ मग बशी उचलून पार टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. ‘हे दीव. मधे सगळा समुद्र. रस्त्याने यायचं तर सगळ्या आखाताला वळसा. एक रात्र आणि वर अर्धा दिवस.’

आग्नेल त्या बशीकडे बघतच राहिला. माझा भाऊ आहे तो, त्याला काय आठवलं ते मला लगेच कळलं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात विनीची आई गेली. सकाळी छातीत कळ आली, दुपारी संपलं. विनी मुंबईत ड्युटीवर होती. निरोप मिळाल्याबरोबर निघाली, आणि दारात आली तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते. ‘विनी आली का’ एवढंच ती बाई शेवटपर्यंत विचारत होती, आणि दर वेळी ‘येतेय’ म्हणायला समोर आग्नेल होता.

पाहुणे हात धुवायला उठले तसा तो फ्लॉईडजवळ गेला.

‘मी मरायला टेकलो, तर माजी पोर किती वेळात येईल?’

सासरा होणाऱ्या माणसाने असं काही विचारावं? पण फ्लॉईड हसला नाही. म्हणाला, ‘अंकल, विमान आहे ना. दीवहून मुंबई, सरळ समुद्रावरून, पावणेतीनशे किलोमीटर. एक तास.’

‘एक तास?’

‘एक तास.’

‘मंग लग्नाच्या दिवशी विमानानं येऊन दाखव,’ आग्नेल म्हणाला. ‘आदल्या दिवशी यायचं नाय. कुनी आनायलाबी जानार नाय. सकाली तिकडनं नीघ आनि चारला चर्चच्या दारात उभा रहा. उभा रायलास तर पोर तुजी. नाय तर हे लगीन नाय, ना आता, ना ईस्टरनंतर.’

विनी कपबशा उचलत होती. तिने ऐकलं आणि खाली मान घालून आत गेली. रात्री मला एवढंच म्हणाली, ‘आत्या, बाबाने हात धरून नेलं नाही तर मी चर्चची पायरी चढणार नाही. हे फ्लॉईडलापण सांगितलंय.’ म्हणजे पोरीने स्वतःच दोर कापून घेतले होते. बाप हट्टी आणि लेक त्याच्या वरची.

तर तो मंगळवार. विमान सकाळी अकराला दीवहून निघणार, बाराला मुंबईत, तिथून टॅक्सी केली तर रडतखडत अडीचला तरी आमच्या मांडवात. मांडवात बँडवाले बसले होते, मागे मोठाली पातेली चढली होती. गावातल्या बायका विनीला सजवत होत्या आणि प्रत्येक जण येताजाता दाराकडे नजर टाकत होता. आग्नेलने नवा कोट घातला होता. उकाड्याने घामाघूम झाला तरी काढेना.

अडीच वाजले. तीन वाजायला आले. लोक आधी मोठ्याने बोलत होते, ते हळू बोलायला लागले, आणि मग कुणी काही बोलेना. मी तीनदा चहा फिरवला. माझ्या हाताला काहीतरी काम हवं होतं.

एवढ्यात नॅन्सी पळत आली. चर्चच्या रस्त्यावर नॅन्सीचं किराणा दुकान, आणि अख्ख्या आळीत फोन तेवढा तिच्याकडे. धापा टाकत तिने आग्नेललाच गाठलं.

‘फोन होता! फ्लॉईडचा! म्हनाला, मी दमनला आहे, निघतोय, उशीर होईल, थांबायला सांगा. आनि कट झाला. मी किती वेळ हॅलो हॅलो केलं.’

‘दमनला आहे?’ आग्नेलने विचारलं.

‘तसंच म्हनाला.’

आग्नेल खुर्चीवर बसला. मग उठला. ‘म्हंजे अजून घरीच,’ तो म्हणाला. ‘विमानात बसलाच नाय. चारला लगीन, आनि तीन वाजता हा सांगतो, निघतो.’

मांडवात कुजबुज सुरू झाली. खरं सांगते, माझंही डोकं फिरलं. त्या पोराला मी किती पाठीशी घातलं होतं! दीडशहाणा, कपबशी मांडून आम्हाला भूगोल शिकवतो आणि लग्नाच्या दिवशी घरी लोळतो. समोर असता तर कानाखाली जाळ काढला असता.

आग्नेलने कोटाची बटणं काढली. बँडवाल्यांपाशी गेला आणि म्हणाला, ‘जावा तुमी.’ ते एकमेकांकडे बघायला लागले. ‘जावा म्हनलं ना!’ आयुष्यात कुणावर आवाज न चढवणारा माणूस. बँडवाल्यांनी ढोल उचलले. मग तो तसाच, कोट उघडा टाकून, चर्चच्या दिशेने चालायला लागला. फादर ऑगस्टीनना सांगायला चालला होता, लग्न मोडलं म्हणून.

आता विनीला कोण सांगणार? सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. अशा वेळी बरी आठवण होते या क्लेमेंटीनची.

विनी पांढरा झगा घालून पलंगाच्या कडेला बसली होती. बँड बंद होऊन निघून गेल्याचं तिला कळलंच होतं. मी दार लावून घेतलं आणि जे झालं ते सांगितलं. नॅन्सीचे शब्द जसेच्या तसे सांगितले, पदरचं काही घातलं नाही.

‘काय म्हणाला? परत सांग.’

‘मी दमणला आहे, म्हणाला.’

विनी उभी राहिली. ‘दमणला? दमण हा शब्द वापरला त्याने? नॅन्सीला नीट विचारलंस?’

‘अगं, तोच तर म्हणाला. का?’

‘आत्या, फ्लॉईड झोपेतसुद्धा स्वतःच्या घराला दमण म्हणणार नाही.’

‘झोपेत तो काय म्हणतो ते तुला काय ठाऊक?’ माझ्या तोंडून निघून गेलं. त्या गडबडीतसुद्धा पोरगी लाजली. पण पुढच्या क्षणी तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मलाही लख्ख कळलं. घरी असता तर तो दीव म्हणाला असता. दमण म्हणाला म्हणजे तो खरोखरच दमणला होता. समुद्राच्या अलीकडे. आणि मुंबईला जाणारं विमान दमणला जात नाही.

‘विमान पडलं?’ विनीने माझा दंड धरला.

‘वेडी आहेस का? पडलेला माणूस फोन करतो?’ मी तिला रागावले. ‘काहीतरी बिघडलं असेल, मधेच उतरवलं असेल. बोलला ना तो? निघतोय म्हणाला ना? दमणहून निघालाय तो. दमण कुठे आहे? वापीला. तीन तासांची वाट.’

‘बाबा कुठंय?’

बाबा चर्चमध्ये पोचला होता. मी चपला हातात घेऊन धावले. पन्नाशीच्या बाईने असं गावातून धावावं हे बरं दिसत नाही, पण त्या दिवशी गावाने बरंच काही बघितलं.

चर्चच्या मागच्या अंगणात फादर ऑगस्टीन पत्र्याच्या डब्यात गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळत होते. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. झावळ्यांच्या रविवारी घरोघरी नेलेल्या त्या झावळ्या लोक वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवतात, मग परत आणून देतात, आणि त्यांचीच राख कपाळाला लागते. धुराने फादरांचे डोळे लाल झाले होते. बाजूला आग्नेल खाली मान घालून उभा.

मी एका दमात सगळं सांगितलं. दमण, दीव, कपबशी, विमान. फादरांना पहिल्यांदा काही उमगलं नाही. आग्नेलला मात्र लगेच उमगलं. मला वाटलं, आता याचा जीव भांड्यात पडेल.

‘म्हंजे विमान मधीच उतरलं,’ तो म्हणाला.

‘हो! म्हणजे पोरगा निघाला होता. वेळेवर निघाला होता!’

‘मंग हे तर जास्त वाईट, क्लेमेंटीन.’ तो अगदी शांतपणे बोलत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. ‘पोरगा खोटा असता तर एक बरं, पोरगा बदलता येतो. हितं विमानच खोटं निघालं. एक तास, एक तास. बघ आता. ज्या दिवशी यायचं, त्याच दिवशी नाय आलं. आनि माजा दिवस काय विमानाला विचारून येनार?’

त्याला मूर्ख म्हणायला मी धावत आले होते, आणि त्याचं म्हणणं मला पटत होतं.

फादरांनी डब्यावर झाकण ठेवलं. ‘आग्नेल,’ ते म्हणाले, ‘उद्यापासून ईस्टरपर्यंत या गावात लग्न लागत नाही, हे तुला माहीत आहे. मी संध्याकाळच्या घंटेपर्यंत चर्च उघडं ठेवतो. घंटा झाली की बंद. तोवर मुलगा आला तर काय करायचं ते तू ठरव.’

‘माजं ठरलंय,’ आग्नेल म्हणाला. ‘चारची वेळ होती.’

तेवढ्यात फाटकापाशी विनी दिसली. एकटी. कापलेल्या शेतांमधल्या बांधावरून चालत आली होती, झगा दोन्ही हातांनी वर धरून, डोक्यावरचं जाळीचं वस्त्र दंडावर टाकून. बँड नाही, करवल्या नाहीत, बाप बरोबर नाही. आमच्या गावात नवरी अशी कधी आली नव्हती. ती पायऱ्यांपाशी थांबली. वर चढली नाही.

‘तू आत ये नाय तर घरी जा,’ आग्नेल तिला म्हणाला. ‘अशी तमाशासारखी उभी राहू नको.’

‘मी इथेच थांबते,’ विनी म्हणाली. ‘घंटा झाली की तुझ्याबरोबर घरी येईन. कटकट करणार नाही. पण मग ईस्टरनंतर दुसऱ्या कुणाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. कधीच.’

पायरीच्या एका टोकाला आग्नेल बसला, दुसऱ्या टोकाला ती. मधे मी, चपला अजून हातातच. चार वाजले. मांडवातले लोक एकेक करून चर्चच्या अंगणात जमले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. पाच वाजले. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की सगळे माना वळवायचे. पावाची सायकल गेली. मिठाचा ट्रक गेला. रिक्षा आली, तिच्यातून कुणाचीतरी शाळेतली पोरं उतरली. मी मनातल्या मनात रोझरी म्हणत होते आणि मणी मोजायचे पुनःपुन्हा चुकत होते. हायवेवर एखादा ट्रक आडवा झाला असला तर? चुकून घोडबंदरपर्यंत पुढे गेले तर? आणि आला तरी, हा माझा भाऊ ऐकेल?

ऊन उतरलं. घंटा वाजवणारा ऑल्विन म्हातारा दोरीपाशी येऊन उभा राहिला आणि फादरांकडे बघायला लागला. विनीने डोळे मिटून घेतले.

तेव्हा तो टेम्पो आला. डहाणूकडचा, चिकूच्या पाट्यांनी भरलेला. पुढे ड्रायव्हरजवळ फ्लॉईडची आई, मांडीवर टोपी धरून, आणि मागे पाट्यांवर फ्लॉईड, त्याचा काका आणि मित्र. काळ्या सुटाला चिकूची माती लागलेली. तो उडी मारूनच उतरला. अंगणात एकदम गलका झाला, बायका रडायला आणि हसायला लागल्या. ‘आता खरा दमणचा नवरा झालास रे!’ मी ओरडले. सगळे हसले.

आग्नेल हसला नाही. तो पायरीवर उभा राहिला आणि फ्लॉईड खालीच थांबला.

‘अंकल, सॉरी. इंजिनचा लाल दिवा लागला. पायलटने जवळ दमण होतं तिथे उतरवलं. रिपेअर होईल म्हणून बसवून ठेवलं. मग आम्ही वाट नाही बघितली, जे मिळालं त्यात बसलो.’

‘एक तास म्हनालेलास.’

‘आज असं झालं, अंकल. रोज एक तासच...’

‘मी शेवटच्या घटकेला असेन, आनि त्या दिवशी दिवा लागला तर?’

गलका थांबला. फ्लॉईडने विनीकडे बघितलं. मला वाटलं, आता हा काहीतरी गोड बोलेल. बोल बाबा, काहीतरी गोड बोल आणि सुटू दे, असं मी मनात म्हणत होते.

बोलली विनी.

‘तर मी पोचणार नाही, बाबा.’

आग्नेल तिच्याकडे वळला.

‘विमान रोज नसतंच. पावसात तर महिना महिना नसतं. मला पहिल्यापासून माहीत होतं. तू हो म्हणावंस म्हणून आम्ही दोघं तास तास करत राहिलो.’ ती थांबली नाही. ‘आईच्या वेळी मी इथल्या इथे होते, तरी पोचले नाही. तुझ्या वेळी मी समुद्रापलीकडे असेन. कदाचित तू विचारशील, विनी आली का, आणि आत्या म्हणेल, येतेय. मला तो हवाय, बाबा, आणि मला हे पण माहीत आहे. आता तू सांग.’

या पोरीने बापाच्या काळजावरच बोट ठेवलं, आणि तेही पार गावासमोर. आता संपलं, असंच मला वाटलं. ऑल्विनचे दोन्ही हात दोरीवर होते. फादर दारात आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘आग्नेल, घंटेची वेळ झाली.’

आग्नेलने कोटाचं एक बटण लावलं. दुसरं लावता येईना. विनी उठली आणि तिने ते लावलं.

‘घरात कुनीतरी खरं सांगायला पायजे होतं. तू सांगितलंस,’ तो म्हणाला. आणि फ्लॉईडला, ‘तू आत जा. पुढं उभा रहा.’

फ्लॉईड मातीच्या सुटात तसाच आत धावला. लोक घाईघाईने बाकांवर बसले. बँड नव्हता, कुणीतरी भजन सुरू केलं. ऑल्विन दोरी धरूनच उभा राहिला, घंटा त्याने वाजवली नाही. दारातून आग्नेल आणि विनी आत आले, हातात हात धरून. आमचं चर्च काही मोठं नाही. दारातून वेदीपर्यंत चालायला किती वेळ लागतो? पण अर्ध्या वाटेत आग्नेल थांबला. भजन म्हणणारे गप्प झाले. याचं मन बदललं, असं मला वाटलं.

दिवसभर घड्याळाशी भांडलेला माझा भाऊ मधल्या वाटेत उभा होता, लेकीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग मलाही रडू आवरेना.

‘आग्नेल, चल बाबा, उशीर होतोय,’ फादर वेदीवरून म्हणाले.

‘येतो फादर,’ तो म्हणाला. ‘जरा होऊ द्या उशीर.’